एम ईस्टचा एकच रंग

मुंबईच्या हार्बर लाईनची पनवेल गाडी पकडा. चेंबूर सुटलं की गोवंडी, मग मानखुर्द आणि त्याच्यापुढे खाडीचा पूल. या दोन स्टेशनांच्या दोन्ही अंगाला जो पसारा दिसतो ना, तो महापालिकेच्या कागदावर एम ईस्ट वॉर्ड. २०११ च्या जनगणनेत इथं ८ लाखांवर माणसं मोजली गेली, म्हणजे एक चांगलं मोठं शहरच झालं की.

मुंबईचा मानव विकास अहवाल २००९ सालचा. तेव्हाच्या २४ वॉर्डांना शिक्षण, आरोग्य वगैरे बघून गुण दिले होते, आणि एम ईस्टला मिळाले ०.०५, सगळ्यात शेवटचा नंबर. आता हा आकडा देशांच्या एचडीआयशेजारी, म्हणजे मानव विकास निर्देशांकाशेजारी ठेवून घाबरू नका, ही वॉर्डावॉर्डांची आपसातली तुलना आहे, पण एवढं तरी कळलं की मलबार हिलवाला डी वॉर्ड आणि गोवंडी एकाच महापालिकेत असून किती लांब आहेत.

बरं, आता याच गुणांवरून काढलेला हा वॉर्डांचा नकाशा बघा. अख्खा वॉर्ड एकाच रंगात रंगवलाय. इथंच गडबड आहे. कारण याच रंगाच्या आत अणुशक्तीनगर येतं, अणुऊर्जा खात्याच्या लोकांची कॉलनी, झाडं, शाळा, रुंद रस्ते, सगळं प्लॅन करून बांधलेलं, आणि याच रंगाच्या आत शिवाजीनगर, बैंगनवाडी पण येते, जिच्या पाठीला देवनारचं डंपिंग. १९२७ पासून मुंबईचा कचरा इथं पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये त्याला आग लागली तेव्हा धूर नासाच्या सॅटेलाईट फोटोत दिसला होता. धूर दिसला, पण धुराखालच्या गल्ल्या? त्या वरून कशा दिसणार!

टाटा समाजविज्ञान संस्था, आपली टिस, तीसुद्धा देवनारलाच. २०११ मध्ये संस्थेला ७५ वर्षं झाली, तेव्हा त्यांनी लांब कुठं न जाता स्वतःच्या गेटबाहेरचा हाच एम ईस्ट वॉर्ड कामाला घेतला, वस्तीवस्तीत सर्व्हे केले. खरं काम तिथंच असतं, कारण वॉर्डाची सरासरी काढली की कॉलनीतला नळ आणि टँकरची लाईन एकमेकांत मिसळून जातात, आणि वस्तीतल्या बाईला विचारलं तर ती सांगते कुठल्या गल्लीत पाणी किती वाजता येतं, कुठल्या संडासाला कडी नाही, रात्री कुठला रस्ता टाळायचा. ती एवढं बोलली की अर्धा नकाशा तिथंच तयार.

आणि कधीकधी गल्लीसुद्धा मोठी पडते, बिल्डिंग मोजावी लागते. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड, या पुनर्वसनाच्या वसाहती. रेल्वे, रस्ते अशा प्रकल्पांसाठी हटवलेली कुटुंबं इथं आणून वसवली. झोपडी गेली, पक्की खोली मिळाली, सरकारी रकान्यात टिकमार्क झाली. पण बिल्डिंगी एकमेकींना इतक्या चिकटून की मधलं अंतर कुठं कुठं जेमतेम ३ मीटर. २०१८ मध्ये डॉक्टर्स फॉर यू या संस्थेनं इथल्या घरांचा ऊन-वारा आणि टीबी असा एकत्र अभ्यास केला, तर या दोन कंपाउंडांत टीबीचं प्रमाण मानखुर्दच्याच पीएमजीपी कॉलनीपेक्षा कितीतरी जास्त निघालं, कारण त्या कॉलनीत बिल्डिंगींमध्ये जागा सोडलेली आहे. वॉर्ड तोच, गरिबीही साधारण तीच, फरक आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमधल्या रेघांचा. घर पक्कं की कच्चं हे आपण मोजत बसलो, खिडकीसमोर काय आहे ते कुठल्याच फॉर्मात नव्हतं.

चला, कॅमेरा आत नेऊ. या दोन बिल्डिंगींच्या मधे उभे आहोत, पायाखाली सांडपाणी, वर आभाळाची बोटभर पट्टी. दुपारचे साडेबारा वाजलेत आणि तळमजल्यावरच्या सगळ्या खोल्यांत ट्यूबलाईट चालू आहे.