घसादुखीनंतर सांधे धरले तर

श्रोतेहो, नमस्कार.

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, हळदीचं दूध, आणि तीन-चार दिवसांत मूल पुन्हा अंगणात. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे येते आणि अशीच बरी होते. तिला अँटिबायोटिक लागतही नाही. मला बोलायचंय ते उरलेल्या थोड्या मुलांबद्दल.

त्यांच्या घशात स्ट्रेप्टोकोकस नावाचे जिवाणू असतात. ताप चढतो, आवंढा गिळवत नाही, टॉन्सिल लालभडक होतात, जबड्याखाली गाठी हाताला लागतात. सर्दी-खोकला मात्र बहुधा नसतो. हाही घसा आपोआप शांत होतो आणि फसगत होते ती इथेच. काही मुलांमध्ये जंतूंशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. हा संधिवाताचा ताप. वय साधारण 5 ते 15.

आज गुडघा सुजून गरम झालेला, मूल हात लावू देत नाही. दोन दिवसांत तो उतरतो आणि घोटा धरतो, मग कोपर. घरात कुणीतरी म्हणतं, "वाढीचं वय आहे, पाय दुखायचेच." पण वाढीच्या वयातल्या दुखण्याने सांधा सुजत नाही! सांधे पुढे पूर्ण बरे होतात. हृदयाची झडप मात्र वर्षानुवर्षं आतल्या आत जाड होत, आकसत जाते. कित्येक बायकांना ते कळतं थेट गरोदरपणात, धाप लागून रात्री आडवं होता येईना तेव्हा. लहानपणीचा तो घसा त्यांना आठवतही नसतो.

याचं मला फार वाईट वाटतं, कारण उपाय साधा आणि स्वस्त आहे: डॉक्टरांनी दिलेलं पेनिसिलिन, पूर्ण 10 दिवस. घसा दुखू लागल्यापासून 9 दिवसांच्या आत सुरू केलं, तरी हा ताप बहुधा टळतो. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका. ज्यांना हा ताप येऊन गेलाय, त्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन कित्येक वर्षं घ्यावं लागतं. ते दुखतं, मान्य. पण परीक्षा असो, घरचं लग्न असो, तारीख चुकवू नका. ताप पुन्हा उलटला की झडप आणखी खराब होते.

आणखी दोन खुणा. घसा एकाच बाजूला ठणकतोय, तोंड उघडत नाही, लाळ गळतेय, तर टॉन्सिलशेजारी पू साचलेला असू शकतो; सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि घसा बरा झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी मुलाचे डोळे सकाळी सुजलेले दिसले, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते. त्याच दिवशी लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या.

नमस्कार.