थर पातळ आहे हो, पण चिकटलाय कशानं?

नमस्कार मंडळी! मोबाईल हाताशी असेल तर माझं बोलणं ऐकता ऐकता एक गंमत करून बघा. स्क्रीन नीट पुसा, वरून प्रोटेक्टर लावला असेल तर मात्र राहू द्या, आणि पाण्याचे दोन थेंब सोडा, एक मधोमध जिथे अंगठा सारखा फिरतो तिथे आणि दुसरा कोपऱ्यात. फोन जरा जुना असेल तर कोपऱ्यातला थेंब बहुतेक छान गोल बसेल आणि मधला पसरेल. काचेवर बोटांचे डाग पडू नयेत म्हणून फ्लोरीनवाल्या रेणूंचा एक थर दिलेला असतो, आणि तो असतो फक्त काही नॅनोमीटर जाड. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरतो, त्यामुळे एवढासा थर अंगठ्यानं दिवसरात्र घासला की तो जाणारच की!

म्हणूनच कुठे 'नॅनो कोटिंग' लिहिलेलं दिसलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो, हे चिकटलंय कशानं? किती पातळ आहे ते नंतर बघू.

बरं, हे पातळ थरांचं प्रकरण काही कालपरवाचं नाहीये. १९३८ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या लॅबमध्ये कॅथरिन ब्लॉजेट या बाईंनी काचेवर बेरियम स्टिअरेट नावाच्या साबणासारख्या पदार्थाचे एकावर एक ४४ थर चढवले, प्रत्येक थर बरोब्बर एका रेणूच्या जाडीचा, आणि काच जवळजवळ दिसेनाशीच झाली. कारण सगळ्या थरांची मिळून जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी झाली, मग वरून परतणारा प्रकाश आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांना खोडून टाकतात आणि चकाकी उरतच नाही. अडचण एवढीच की तो थर पुसला की निघून यायचा. आज चष्म्याच्या काचेवर ट्यूबलाईटचं जे हिरवट-जांभळट प्रतिबिंब दिसतं ना, तिथे तत्त्व तेच आहे, फक्त साबणाऐवजी व्हॅक्यूममध्ये चढवलेले कडक ऑक्साइडचे थर.

आता कमळ. अळवावरचं पाणी आपण म्हणतोच, पण ते ठरत का नाही याचं नीट उत्तर जर्मनीतल्या बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट आणि त्यांचे सहकारी नायनहुईस यांनी १९९७ च्या पेपरमध्ये मांडलं. कमळाच्या पानावर बारीक बारीक उंचवटे असतात, त्या उंचवट्यांवर आणखी बारीक मेणाचे कण, त्यामुळे थेंब पानाला जेमतेम टेकतो आणि त्याच्या खाली बरीचशी हवाच असते, मग तो घरंगळतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. लोकांना वाटलं झालं, आता कपडे, गाड्या, भिंती सगळं आपोआप स्वच्छ राहणार! तसं काही झालं नाही. कारण ते बारीक उंचवटे घासले की मोडतात आणि पानाचं बरं असतं, ते जिवंत आहे, झिजलेलं मेण परत तयार करतं. स्प्रेच्या बाटलीला हे कुठून जमणार.

खिडकीच्या काचेनं मात्र उलटा रस्ता धरला आणि माझ्या मते जास्त शहाणपणाचा. २००१ मध्ये पिल्किंग्टन या काच बनवणाऱ्या कंपनीनं टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे १५ नॅनोमीटरचा थर असलेली काच आणली. या थरावर ऊन पडलं की सेंद्रिय मळ हळूहळू तुटत जातो आणि पाणी थेंबाथेंबानं न राहता सपाट पसरून मळ धुऊन नेतं. आणि हा थर कारखान्यात काच गरम असतानाच तिच्यावर तयार होतो म्हणून तो पक्का बसतो, नंतर वरून फासलेला नसतो.

आता शरीराच्या आत जाऊया, कारण खरी परीक्षा तिथे आहे. खुब्याच्या सांध्यात बसवायच्या टायटॅनियमच्या दांड्यावर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून हायड्रॉक्सीॲपेटाइट देतात, म्हणजे आपल्या हाडात जे खनिज असतं त्याचाच भाऊ. हाडाच्या पेशी त्याच्यावर बिनधास्त वाढतात आणि दांडा घट्ट धरतात. पण हा थर प्लाझ्मा स्प्रेनं दिलेला, चांगला दहा-दहा मायक्रोमीटरच्या पटीतला (एक मायक्रोमीटर म्हणजे हजार नॅनोमीटर), म्हणजे नॅनोच्या हिशोबात भिंतच, आणि जाड थराला तडा जाऊन तो सुटण्याची भीती असते. म्हणजे पातळ केला तर झिजतो, जाड केला तर सोलतो, करायचं काय माणसानं?

हृदयातल्या स्टेंटची, म्हणजे अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीची गोष्ट तर आणखी वेगळी. नुसत्या धातूच्या जाळीभोवती पेशी वाढून रक्तवाहिनी पुन्हा अरुंद व्हायची, म्हणून जाळीवर औषध मुरवलेलं पॉलिमर दिलं, अमेरिकेत २००३ साली असल्या पहिल्या स्टेंटला मान्यता मिळाली. औषध होतं सिरोलिमस, जे मूळ ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूत सापडलेलं. औषध काही आठवड्यांत पाझरून संपतं, पण पॉलिमर तिथेच बसून राहतं आणि त्यानं उशिरा गुठळ्या होतात की काय ही चिंता सुरू झाली. मग काम झालं की स्वतःच विरघळून जाणारी पॉलिमर आली. बघा, इथे टिकणं हाच दोष ठरला!

आणि चिकटण्याबद्दल बोलायचं तर समुद्रातल्या शिंपल्यांना, म्हणजे खडकाला धरून बसणाऱ्या मसलला विसरून कसं चालेल. लाटा आपटत असताना ओल्या दगडाला तो चिकटतो, कारण त्याच्या प्रथिनांत डोपा नावाचा घटक भरपूर असतो. त्यावरून २००७ मध्ये संशोधक फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटानं दाखवलं की डोपाचाच जवळचा नातलग असलेलं डोपामीन किंचित अल्कधर्मी पाण्यात विरघळवून त्यात वस्तू नुसती बुडवून ठेवली तरी तिच्यावर काळपट पातळ थर चढतो, मग ती काच असो, धातू असो की टेफ्लॉनसुद्धा, ज्याला एरवी काहीच चिकटत नाही. त्या थरावर मग औषध जोडा, चांदी जोडा, काय हवं ते जोडा. गंमत म्हणजे या थराची, म्हणजे पॉलिडोपामीनची, नेमकी रचना काय यावर रसायनशास्त्रज्ञ अजून भांडतायत, आणि थर तोवर मस्त चिकटतोय.