टेरी फॉक्सचा राग

[पडद्यावर: १९८० सालचं जुनं चित्रीकरण. महामार्गाच्या कडेने धावणारा तरुण.]

आधी त्याच्या पावलांचा ठेका ऐका. डाव्या पायावर दोन उड्या, मग उजवा कृत्रिम पाय. पुन्हा दोन उड्या. कृत्रिम पाय पुढे यायला अंमळ उशीर लागतो, तेवढा वेळ डाव्या पायाला सगळा भार पेलावा लागतो. टेरी फॉक्स कॅनडाच्या रस्त्यांवर असा धावत होता. रोज साधारण ४२ किलोमीटर, म्हणजे रोज एक मॅरेथॉन.

मार्च १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याच्या उजव्या गुडघ्याचं दुखणं हाडांचा कॅन्सर निघालं. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. मग महिनोन्‌महिने केमोथेरपी. वॉर्डात त्याच्याहून लहान मुलं वेदनेने कळवळत होती. त्यातली काही गेली. टेरी घरी परतला, पण ते चेहरे त्याच्या डोळ्यांसमोरून हलेनात. कॅन्सरमधून वाचलेल्या माणसाला सगळे ‘सुटलास’ म्हणतात. मागे राहिलेल्यांचं ओझं मात्र त्याचं त्यालाच वाहावं लागतं.

१२ एप्रिल १९८०. कॅनडाच्या पूर्व टोकाला, सेंट जॉन्स इथे अटलांटिकच्या पाण्यात पाय बुडवून तो निघाला. अख्खा देश धावत ओलांडून त्याला पश्चिमेचा पॅसिफिक गाठायचा होता. कॅन्सरच्या संशोधनासाठी प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर, एवढंच त्याचं मागणं होतं.

सोबत एक व्हॅन आणि ती चालवणारा जिवलग मित्र, डग ऑल्वर्ड. सुरुवातीला गर्दी नव्हती. समोरून वारा, थंडी, थोटकाला झालेल्या जखमा. टेरी चिडायचा, डगवर ओरडायचा. नोव्हा स्कोशियापर्यंत दोघांचं बोलणंच बंद झालं आणि टेरीच्या आईवडिलांना समेट घडवायला यावं लागलं. पुढे धाकटा भाऊ डॅरेलही व्हॅनमध्ये आला.

टेरीचा गौरव करताना ही भांडणं गाळण्याचा मोह होतो. आम्ही ती गाळणार नाही. आजारी माणसानं धीरानं, हसतमुख राहावं अशी आपली अपेक्षा असते. त्याच्या रागाला आपण जागाच ठेवत नाही. टेरीचा राग त्याच्यासोबत धावत होता. आणि म्हणूनच त्याची धाव आम्हाला खरी वाटते.

ओंटारियोत कॅन्सरमुळेच पाय गमावलेला दहा वर्षांचा मुलगा त्याला भेटला. दोघं एकत्र पोहले. मुलगा सायकलवरून त्याच्या मागोमाग आला. त्याच्याबद्दल बोलताना टेरीला रडू आवरलं नाही.

[पडद्यावर: थंडर बे जवळचा रस्ता.]

१ सप्टेंबर. छातीत कळ, खोकला थांबेना. रस्त्याच्या कडेला लोक टाळ्या वाजवत उभे होते, त्यांच्यासमोर थांबणं त्याला जमेना. गर्दी संपेपर्यंत तो धावला. मग व्हॅनमध्ये बसला आणि म्हणाला, दवाखान्यात चला. कॅन्सर फुप्फुसांत पोचला होता. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. पॅसिफिक अजून दूर होता.

पत्रकारांसमोर तो रडला. त्याच्या जागी कोणी धावतो म्हटलं, तर त्याला ते नको होतं. उरलेला रस्ता त्याला स्वतः पुरा करायचा होता. फेब्रुवारी १९८१ पर्यंत २ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलर जमले. म्हणजे माणशी एक. २८ जूनला, बावीसाव्या वर्षी, टेरी गेला. त्याच सप्टेंबरात त्याच्या नावाची पहिली दौड झाली आणि तीन लाख माणसं त्यात उतरली. या दौडीत पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. धावा, चाला, चाकाच्या खुर्चीतून या.