मोहर्लीचं गेट आणि दिल्लीची मदत

मार्च २०२०. कोरोनामुळं ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचं मोहर्ली गेट बंद झालं, तेव्हा खरा हंगाम तोंडावर आला होता. चंद्रपूरच्या उन्हाला बाहेरचे लोक घाबरतात. इथले सफारीच्या जिप्सी चालवणारे त्याचीच वाट पाहतात. पाणी आटतं, वाघ पाणवठ्यावर येतो आणि त्याच्यामागं पर्यटक. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा एप्रिल-मे महिन्यांतच पदरात पडतो.

जिप्सी ताडपत्रीखाली गेली. उभी गाडीही पैसे खाते: बॅटरी उतरते, वायरी उंदीर कुरतडतात. त्यात मारुतीनं ही गाडी बनवणंच बंद केलेलं. सुटा भाग मिळवायचा तर जुन्या बाजारात हिंडा. बँकेचा हप्ता वेगळाच.

मग दिल्लीतून घोषणा सुरू झाल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रानं कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलतीचा पैसा प्रवास न करताच खर्चायची मुभा दिली. १२ टक्के किंवा त्याहून जास्त जीएसटी असलेली वस्तू घ्या, झालं! बाजाराला उठाव हवा होता, कबूल. पण फिरायच्या पैशातून घरी टीव्ही आला, तर मोहर्लीच्या वाट्याला काय आलं?

जून २०२१ ची कर्जहमी मात्र थेट पर्यटनासाठी होती. गाईडला १ लाखापर्यंत, प्रवासी संस्थेला १० लाखांपर्यंत कर्ज. तारण नाही, प्रक्रिया शुल्क नाही, हमी पूर्ण सरकारची. अट मान्यतेची: गाईड केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाकडे किंवा राज्याकडे नोंदलेला हवा होता. इथल्या गाईडच्या खिशात असतं ते वनखात्याचं ओळखपत्र. आणि कर्जातून हप्ता भागेल हो, गाडीत बसायला माणूस कुठून आणायचा?

माणूस आणला तो उघडलेल्या गेटनं. १ ऑक्टोबर २०२० ला कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, खुलं झालं. परदेशवाऱ्या बंद, म्हणून नागपूर-पुण्याची कुटुंबं स्वतःच्या गाड्या काढून जंगलाकडं वळली. एका फेरीमागं चालक, गाईड, होमस्टेत भाकरी थापणारी बाई, चहावाला, सगळ्यांचं भागतं. पण एप्रिल २०२१ मध्ये गेट पुन्हा बंद. पुन्हा ऐन हंगामात.

कोणत्या जिप्सीची, कोणत्या गाईडची पाळी कधी, हे गेटवर लिहिलेलंच असतं. पुढं कधी सरकारी आदेशानं गेट बंद करायची वेळ आली, तर त्याच नोंदीवरून बुडालेल्या फेऱ्यांचे पैसे थेट खात्यात टाकता येतील. नवं पोर्टल लागत नाही.