यक्षाची निळी चड्डी

पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय, 'प्राचीन दगडी वास्तू आताच झपाट्यानं का झिजतात?' त्यावर येतोच. आधी माझ्या आजोळच्या देवळाची गोष्ट.

यादवकाळी देऊळ. हेमाडपंती म्हणा. हेमाडपंतानं एवढी देवळं खरंच बांधली असती तर बिचाऱ्याला दफ्तर बघायला वेळ कधी मिळाला असता, ते सोडा. काळा पाषाण, दगडात दगड अडकवलेला, सांध्यात चुनासुद्धा नाही. सातशे पावसाळे आरामात काढले. खांबावर छत तोलणारा यक्ष होता. कीर्तन संपेपर्यंत मी त्याच्या बेंबीत बोट घालून बसायचो.

मग जीर्णोद्धार समिती झाली. वर्गणी चांगली जमली, तिथंच घात झाला. पैसे उरले की ऑइलपेंट येतो. खांब पिवळे, शिखर गुलाबी, यक्षाला निळी चड्डी. हसू नका, तुमच्याही गावात असेल. सांधे सिमेंटनं भरले, गाभाऱ्याला न्हाणीघरातल्या फरश्या. मी तोंड उघडलं तर म्हणतात, "मास्तर, देवाला स्वच्छ नको का?" याला काय बोलणार?

पंधरा वर्षांनी गेलो तर यक्षाचं पोटच नाही. खाली रंगाचा पोपडा पडलेला, उलटून पाहिला तर मागं दगडाची खपली चिकटलेली. ती आणलीय. फिरवा पुढं. सांभाळून हं, पोरांच्या हातात नको.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, पळतो.

जमिनीतली ओल दगडात चढते आणि वाट मिळेल तिथून वाळते. पूर्वी ती सांध्यातून जायची. सिमेंटनं सांधा बुजला, रंगानं तोंड बंद झालं. आता ती दगडातच अडकते. सिमेंटमधले क्षार तिच्यात विरघळतात, पाणी उडालं की पृष्ठभागाच्या आत त्यांचे खडे धरतात आणि वरचा थर ढकलून देतात. जुन्या वाड्याच्या भिंतीला लोणा लागतो ना, तेच.

संगमरवराचं दुखणं वेगळं. कोळशा-डिझेलच्या धुरातलं गंधक ओलाव्यात मिसळून आम्ल होतं, त्यानं दगडातल्या चुन्याचा जिप्सम, म्हणजे पाण्यात विरघळणारं मऊ खनिज, होतो आणि पावसात धुऊन जातो. ताजमहालाभोवतीच्या कारखान्यांचा कोळसा सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये बंद करायला लावला तो याचमुळं. आपल्या काळ्या पाषाणात चुना फारच थोडा, म्हणजे धुरावर ढकलायची सोयही आपल्याला नाही.

आणि लोखंड! अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन देवळात ग्रीकांनी दगड लोखंडी आकड्यांनी जोडले, पण गंजू नयेत म्हणून भोवती शिसं ओतलं. 1898 ते 1933 दरम्यान बालानोस नावाच्या अभियंत्यानं डागडुजी केली आणि नेमकं शिसं वगळलं. आकडे गंजून फुगले, संगमरवर फुटला. जुने आकडे अडीच हजार वर्षं टिकले, दुरुस्तीचे शंभरही नाहीत. पुढं ते काढून टायटेनियमचे बसवावे लागले.

क्लोरीननं दगड धुणं, सँडब्लास्टिंग म्हणजे वाळूच्या माऱ्यानं घासणं, सगळं सांगायचं राहिलं. चिठ्ठी आली का? आली. थांबतो. ती खपली कुठवर पोचली? शेवटच्या रांगेतले काका, खिशात नको, इकडं द्या.