अडीच इंचांची मंडई

(लघु माहितीपटासाठी निवेदन)

[दृश्य : प्लॉटरचं, म्हणजे स्टिकर कापणाऱ्या यंत्राचं पातं, अगदी जवळून. सुरुवातीला फक्त यंत्राचा आवाज.]

पात्याचं टोक जेमतेम दोन दशांश मिलिमीटर खाली उतरलं आहे. तेवढ्यात वरची लॅमिनेशनची फिल्म कापायची, तिच्याखालचं व्हिनाइल, म्हणजे छापलेलं चिकट प्लॅस्टिक कापायचं, आणि मागच्या रिलीज पेपरवर, म्हणजे सोलून टाकायच्या कागदावर, फक्त ओरखडा उमटवायचा. छपाईवाले याला हाफ कट म्हणतात. आत्ता हे पातं पुण्याच्या महात्मा फुले मंडईच्या मनोऱ्याभोवती फिरतंय. वेग मुद्दामच कमी ठेवलाय, कारण मनोऱ्याच्या टोकाशी येऊन त्याला झटकन वळायचं आहे, आणि स्टिकर बिघडतो तो अशाच वळणावर.

[दृश्य : खोली. टेबल, टॅबलेट, भिंतीला टेकवलेली वह्यांची चळत.]

सदाशिव पेठेतली ही खोली. स्टुडिओ म्हणायचं तर म्हणा. इथे काम करणारी चित्रकार कुठल्या एजन्सीत नोकरीला नाही. चित्र तिचं, छपाईचा खर्च तिचा, आणि न खपलेला मालही तिचाच.

[दृश्य : हात एकेक वही उघडतात.]

सगळ्यात खालची वही शाळेतली. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या तयारीची. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी या परीक्षा दिल्या आणि नंतर विसरूनही गेली. पण संकल्पचित्रात ठरलेल्या चौकटीत नक्षी बसवायची असते, कोपरा उगाच मोकळा सोडून चालत नाही. स्टिकरला लागते ती हीच शिस्त.

वरच्या वह्यांमध्ये पेठा आहेत. दिंडी दरवाजे, जोत्यावर पसरलेली मांजरं, विश्रामबागवाड्याचे सुरूदार खांब. त्यानंतर दिवाळी अंकांसाठी केलेली रेखाटनं, त्यातली बरीचशी काळ्या शाईतली. मग वह्या संपतात आणि टॅबलेट सुरू होतो.

[दृश्य : मंडईचं मूळ शाईचित्र. शेजारी तयार स्टिकर.]

हे मूळ चित्र. मंडई १८८६ सालची. दगडी कमानी, मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याच्यापासून चहूकडे गेलेल्या इमारतीच्या बाजू. कागदावर हा मनोरा २० सेंटिमीटर उंच आहे. स्टिकर अडीच इंचांचा, म्हणजे साधारण साडेसहा सेंटिमीटर. तेव्हा चित्र लहान करून छापलं की झालं, असं कुणालाही वाटेल.

तिथेच घोडं अडतं. मूळ चित्रात अर्ध्या मिलिमीटरची असलेली रेघ एवढं लहान केल्यावर ०.१६ मिलिमीटर उरते. छपाईत पाव मिलिमीटरच्या खालची रेघ तुटक येते किंवा आजूबाजूच्या रंगात बुडून जाते. म्हणून हे चित्र लहान केलेलं नाही, पुन्हा काढलेलं आहे. ज्या रेषा ठेवायच्या त्या मूळ मापात ०.८ मिलिमीटरपर्यंत जाड केल्या. छपरावरच्या रेषांपैकी मोजक्याच राहिल्या. कमानीच्या दगडांचे सांधे गेले, कमानी मात्र थोड्या मोठ्या झाल्या. खाली भाजीवाल्यांची गर्दी होती, तिच्या जागी आता टोपल्यांचे तीन आकार आहेत.

[दृश्य : टॅबलेटचा पडदा. मनोऱ्याचं टोक मोठं करून.]

आता हे टोक बघा. खरं टोक निमुळतं आहे. स्टिकर तसाच कापला तर ते पहिल्याच आठवड्यात उचकटेल. बॅगेत घासताना, बाटली पुसताना, फडका आधी अडकतो तो अशा अणकुचीदार टोकात. म्हणून चित्राभोवती तीन मिलिमीटरची पांढरी किनार सोडली, आणि कापायची रेघ तिच्या बाहेरून नेली. किनारीचा प्रत्येक कोपरा गोल केला. मनोरा आणि बाजूच्या छपराच्या मधे आत घुसलेली खाच होती, तीही भरून काढली. आतला कोपरा तीक्ष्ण राहिला तर स्टिकर सोलताना फाटायला सुरुवात तिथूनच होते.

पांढरी किनार शोभेची आहे असा समज आहे. तसं नाही. पातं अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे सरकलं तरी किनारीमुळे ते डोळ्यांना जाणवत नाही. किनार नको असेल तर रंग कापायच्या रेघेच्या बाहेर निदान दोन मिलिमीटर पसरवावा लागतो. नाहीतर एका बाजूला पांढरी फट दिसते.

[दृश्य : दुसरा स्टिकर. अक्षरं : 'किल्ली गाडीलाच विसरू नये'.]

पुणेरी पाटीच्या चालीवरचा हा मजकूर तिने हाताने लिहिला आहे. देवनागरी कापणं रोमनपेक्षा अवघड. रोमनमध्ये अक्षर सुटं असतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांट्या, खाली उकार, आणि त्यांच्या मधे बारीक फटी. अक्षराच्या कडेकडेनं कापलं तर वेलांटी केसासारखी बाहेर राहते. म्हणून सगळ्या ओळीभोवती एकच जाडसर बाह्यरेषा घेतली. मजकूर फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर छपाईला पाठवण्याआधी तो कर्व्ह करायचा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकायचे. ते राहून गेलं तर छपाईवाल्याच्या कॉम्प्युटरवर 'कि'ची वेलांटी कुठेतरी भलतीकडेच जाऊन बसते, आणि ते कळतं माल हातात आल्यावर.

[दृश्य : पडद्यावरचा झेंडू आणि छापलेला झेंडू, शेजारी शेजारी.]

रंगाचं दुखणं वेगळं. पडदा प्रकाशाचा, कागद शाईचा. टॅबलेटवरचा धगधगीत झेंडू चार शाईंमध्ये छापला की मवाळ होतो. पोपटी मळकट होतो. शुद्ध निळा तर हमखास जांभळा येतो, कारण त्यात सायनच्या (निळसर शाईच्या) बरोबरीनं मॅजेंटा (किरमिजी शाई) घुसतो; तो सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी कमी ठेवला तर निळा निळाच राहतो. बारीक रेघा फक्त काळ्या शाईत. चारही शाया मिळून केलेला काळा मोठ्या आकाराला छान खुलतो, पण बारीक रेघेत शाया जराशा जरी सरकल्या तरी काठाला रंगीत सावली उमटते. फाइल ३०० डीपीआयची, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, अडीच इंचांना ७५० पिक्सेल; तिने मुद्दाम दुप्पट ठेवले आहेत. आधी एक नमुना छापून दिवसाच्या उजेडात बघितला जातो, मगच पूर्ण रोल. ट्यूबलाइटखाली बघून रंग पास करू नये.

[दृश्य : मोठा प्रिंटर. व्हिनाइलचा रोल हळूहळू बाहेर येतो.]

पुण्याला स्वस्तात छापलेल्या चित्रांचं अप्रूप नाही. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इथे चित्रशाळा काढली, आणि शिळाप्रेसवर छापलेली रंगीत चित्रं घराघराच्या भिंतींवर गेली. तिथे प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, आणि एका दगडावरचा रंग दुसऱ्याशी नेमका जुळवायचा, यात कारागिराचा कस लागायचा. आज रंग यंत्रच जुळवतं. जुळवायला उरलंय ते चित्र आणि पातं.

[दृश्य : दोरीवर टांगलेल्या छापील पट्ट्या.]

या पट्ट्या वाळत घातल्यासारख्या दिसतात, आणि खरोखरच वाळत घातल्या आहेत. इको सॉल्व्हंट शाई हाताला कोरडी लागली तरी तिच्यातलं द्रावण उडून जायला वेळ लागतो. निदान २४ तास थांबायचं. घाई करून वर फिल्म चढवली तर द्रावण आत कोंडतं, मागच्या गोंदात उतरतं, गोंद मऊ पडतो आणि काही दिवसांनी कडा वर वळतात. लोक गोंदाला नावं ठेवतात. बहुतेक वेळा दोष न थांबण्याचा असतो.

[दृश्य : कोल्ड लॅमिनेशन. रोलरमधून शीट जाते.]

फिल्म दोन तऱ्हेची, मॅट आणि ग्लॉसी. ग्लॉसीनं रंग उठून दिसतो, पण कापताना पंचाईत होते. शीटच्या कोपऱ्यांवर काळ्या खुणा छापलेल्या असतात, प्लॉटरचा सेन्सर त्या वाचून कुठे कापायचं ते ठरवतो. चकचकीत फिल्मवर प्रकाश परततो आणि सेन्सरला खूण दिसतच नाही. उपाय साधा : खुणेवर धुरकट, बिनचमकीच्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. सेन्सरचं काम होतं.

[दृश्य : चाचणी काप. छोटा चौकोन, त्यात त्रिकोण. चिमट्याने उचलतात.]

प्रत्येक नवीन रोलला आधी ही चाचणी. पातं ४५ अंशांचं. चौकोन सोलून काढायचा आणि रिलीज पेपर उजेडाकडे धरायचा. बारीक रेघ दिसली तर ठीक. उजेड आरपार आला तर पातं खोल गेलंय. मग घेणाऱ्याला स्टिकर सोलताच येत नाही, मागचा कागदही बरोबर निघून येतो. त्रिकोण चौकोनाबरोबर उचलला गेला तर काप उथळ. आणि कोपऱ्यावर धागे दिसले तर पातं बोथट झालंय, किंवा त्याच्या टोकाला गोंद साठलाय. आधी पुसून बघायचं, नवं पातं लगेच घालायची गरज नसते.

[दृश्य : खिडकीबाहेर पाऊस. आत कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले रोल.]

जून ते सप्टेंबर हा वेगळाच ताप. व्हिनाइल पाणी पीत नाही, मागचा कागद पितो. तो फुगतो, शीट वाकते, आणि शीटच्या पहिल्या रांगेत बरोबर असलेला काप शेवटच्या रांगेत मिलिमीटरभर घसरतो. म्हणून रोल बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. कापायच्या आदल्या दिवशी शीट खोलीत सपाट पसरून ठेवायच्या. एप्रिल-मेमध्ये उलटं, गोंदच पातळ होऊन पात्याला धरतो. तेव्हा कापायचं काम सकाळीच उरकायचं.

[दृश्य : कापलेली शीट. भोवतीचं टाकाऊ व्हिनाइल एका ओढीत सोलून निघतं.]

हा शॉट बघायला सगळ्यांनाच आवडतो.

(निवेदन थांबतं.)

१२ बाय १८ इंचांच्या शीटवर, खुणांची जागा सोडून, ४ गुणिले ६ असे २४ स्टिकर बसतात. समजा छपाई, फिल्म, कटिंग मिळून शीट २४० रुपयांना पडली. कागदावर एका स्टिकरचे १० रुपये. चार खराब गेले की १२. पाकीट, पुठ्ठा, स्टॉलचं भाडं याच्या वर, आणि चित्र काढायच्या वेळेची किंमत या हिशेबात अजून आलेलीच नाही. स्टॉलवर 'एवढ्याशा स्टिकरचे एवढे?' असं विचारणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करून बघावी.

[दृश्य : टाकाऊ व्हिनाइलचा ढीग. मग मोबाइलवर तेच मंडईचं चित्र, दुसऱ्या कुणाच्या नावाखाली.]

व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, ते कुजत नाही. हा ढीग कचऱ्यातच जातो. आणि चित्रं चोरली जातात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं चित्र काढल्या क्षणी हक्क चित्रकाराचा, हयातभर आणि नंतर ६० वर्षं. तो वसूल कसा करायचा, हा वेगळ्या माहितीपटाचा विषय. चोरीचा माल मात्र ओळखता येतो : रेघांच्या कडा दातेरी आणि मनोऱ्याचं टोक अणकुचीदार.

[दृश्य : स्टीलची बाटली, लॅपटॉप, स्कूटर. हात स्टिकर चिकटवतात.]

लावायची पद्धत. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्यायचा, हाताचा तेलकटपणाही गोंदाला चालत नाही. मागचा कागद एका बाजूने थोडा सोलायचा, ती कड टेकवायची, आणि बाकीचा कागद काढत काढत जुन्या कार्डानं मधून बाहेर दाबत न्यायचं. सगळा कागद एकदम काढला की हवेचे बुडबुडे आलेच. स्टील, काच, लॅपटॉपचं गुळगुळीत झाकण उत्तम. डब्यांचं मेणचट प्लॅस्टिक गोंदाला धरतच नाही. स्कूटरच्या रंगवलेल्या पत्र्यावर स्टिकर टिकतो, पायाजवळच्या खरखरीत काळ्या प्लॅस्टिकवर टिकत नाही. हेल्मेटला लावण्याआधी कंपनीची सूचना वाचा, काही गोंद त्याच्या कवचाला चालत नाहीत. आणि लावल्यावर एक दिवस गाडी धुऊ नका.