कॅसेटवरचा कॉम्प्युटर

नमस्कार श्रोतेहो. आज एका आवाजाबद्दल बोलायचंय, आणि तो काही मला तोंडाने काढता येणार नाही. आधी शिट्टीसारखा लांबलचक एकसुरी सूर, मग क्षणभर शांतता, आणि मग पत्र्यावर खडी ओतावी तशी किरकिर.

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तो मामाच्या शबनम पिशवीतून. झेडएक्स स्पेक्ट्रम. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ साली इंग्लंडमध्ये आणलेला. पुढे त्याची भारतीय आवृत्ती पुण्यातच, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सकडे तयार व्हायची. दिसायला नुसता कीबोर्ड. पडदा म्हणजे घरचा टीव्ही, आणि प्रोग्राम साठवायला घरचाच टेपरेकॉर्डर. मेमरी ४८ केबी. आज सकाळी तुम्हाला आलेला सुप्रभातचा फोटोसुद्धा बहुतेक त्यात मावला नसता.

दादाने 'जे' हे बटण दाबलं की पडद्यावर 'लोड' हा अख्खा शब्द उमटायचा. मग टेप सुरू. कॅसेटवरचा प्रोग्राम म्हणजे खरोखर आवाजच: शून्यासाठी आखूड लहर, एकसाठी तिच्या दुप्पट लांब. मोठा गेम असला तर चार-पाच मिनिटं लागायची. तेवढा वेळ आईने मिक्सर लावायचा नाही, असा दादाचा हुकूम. मिक्सरचा खरंच काही संबंध होता का, देव जाणे. कारण मिक्सर बंद असतानाही अगदी शेवटी 'टेप लोडिंग एरर' यायचंच!

मग स्क्रूड्रायव्हर निघायचा. टेपच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. किरकिर खणखणीत ऐकू येईपर्यंत दादा तो फिरवत बसायचा. गेम चालायचा, पण बाबांची नाट्यगीतं त्यानंतर तोंडावर उशी धरून गायल्यासारखी लागायची. त्यावरून झालेली भांडणं इथे सांगत नाही.

आणि आवाजच तो, मग रेडिओवरून का जाणार नाही? नेदरलँड्समध्ये 'हॉबीस्कूप' नावाच्या कार्यक्रमात खरोखर प्रोग्राम प्रसारित करायचे. लोक ती किरकिर कॅसेटवर उतरवून घेत आणि कॉम्प्युटरला ऐकवत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकच प्रोग्राम चालावा म्हणून त्यांनी 'बेसिकोड' ही सामाईक बोलीही बसवली होती. आपल्या केंद्रावरून असं काही लागलं असतं, तर रेडिओ बिघडला म्हणून बाबांनी त्याच्या पाठीत दोन थापट्या दिल्या असत्या.

कोऱ्या कॅसेटला पैसे नसायचे. मी आईच्या भजनांची एक कॅसेट पळवली, तिच्यावर नवं रेकॉर्डिंग व्हावं म्हणून मागच्या तुटक्या खाचेवर चिकटपट्टी लावली आणि मासिकातून दोन दुपारी टाइप केलेला प्रोग्राम तिच्यावर सेव्ह केला. आईला ते पुढे कित्येक दिवस कळलं नव्हतं.

मागच्या दिवाळीत ती कॅसेट माळ्यावर सापडली. लावली. शिट्टी आली, किरकिर आली, मग एक खट्ट आवाज, आणि पाठोपाठ टाळ. अर्ध्या ओळीपासून सुरू झालेलं भजन आई स्वयंपाकघरातून पुढे म्हणू लागली.